एक एकर जागा, साडेचारशे फुटांचं घर : पैसे आधी कशात घालावेत?

चिंचपेटी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण तुटक माहिती दिली की सल्लेही तुटक येतात.

भोर तालुक्यात, शिवगंगेच्या खोऱ्यात, सातारा महामार्गापासून आत चारेक किलोमीटरवर आमची ०.४२ हेक्टर जिरायत जमीन आहे. म्हणजे एकराच्या वर दीड गुंठा. माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव असल्याने शेतकरी म्हणून खरेदी माझ्या नावावर झाली. भोगवटादार वर्ग १ (म्हणजे मालकी मोकळी), बोजा नाही, इतर हक्कात काही नाही. जागा उतरती. वरच्या अंगाला मुरूम, खाली काळी माती, मध्ये एक जुना आंबा, बांधावर बोरी-बाभळी. विहीर नाही, बोअर नाही, वीज नाही. विजेचे खांब शेजारच्या शेतापर्यंत आलेत.

नवऱ्याच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. पुण्यातला फ्लॅट सोडायचा नाही, पण आठवड्यातले चार दिवस तिकडे राहायचं असं घाटतंय. मला हवंय ते एवढंच: एक मोठी खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, एक झोपायची खोली, न्हाणी-संडास, आणि पूर्वेला ऐसपैस पडवी. भिंतींच्या आत साडेचारशे चौरस फूट. बास.

यावरून घरात महाभारत. दीर म्हणतात, एकरभर जागेत एवढंसं खुराडं कोण बांधतं? आर्किटेक्टने न विचारता तीन बेडरूमांचा दुमजली बंगला आणि पोहायचा तलाव काढून आणला, "पुढेमागे वीकेंडला भाड्याने देता येईल" म्हणाला. माझं म्हणणं, घर वाढलं की झाडलोट वाढते, कुलूपबंद खोल्या वाढतात, आणि जमिनीसाठी ठेवलेला पैसा फरशीत जातो. फरशी काय, इथेही आहे.

तर घर लहानच बांधणार, हे ठरलंय. विचारायचं आहे ते असं की पैसा मोजका असताना आधी काय करावं: कुंपण, पाणी, वीज की घर? छप्पर कशाचं? आणि उरलेल्या चाळीस गुंठ्यांचं करायचं काय, म्हणजे रान माजणार नाही?

निवांतपणा

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका. आंब्याचा आधी टाका.

आठ अ

भूमी अभिलेख खात्यात उमेद गेली, म्हणून कागदापासून सुरुवात करतो. पडवी नंतर बघू.

शेतजमीन बिगरशेती न करता तिच्यावर शेतघर बांधायला जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४१ मध्ये वाव आहे, पण किमान धारण ०.४ हेक्टर लागतं. साडेएकोणचाळीस गुंठे म्हणा. तुमचं ०.४२ आहे, थोडक्यात वाचलात. ०.४ ते ०.६ हेक्टरला जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरच्या आत ठेवावं लागतं, म्हणजे सुमारे १,६१४ चौरस फूट. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातल्या शेतघराला ०.०३७५ चटई निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) दिला आहे. ४,००० चौरस मीटरला गुणून बघा, पुन्हा दीडशेच येतात. तेव्हा दिरांना सांगा, कायदासुद्धा जवळपास तुमच्याच बाजूने आहे. आणि शेतघर हे शेतीच्या कामासाठी असतं. वीकेंडला भाड्याने देणं हा वेगळा धंदा झाला, त्याची परवानगीही वेगळी.

बांधकाम परवानगी ग्रामपंचायत देते असं गावात सगळे छातीठोक सांगतील. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि नमुना ८ ला लागलेली घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे. भोर तालुक्याचा काही भाग पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. तुमचं गाव त्यात असेल तर अर्ज तिथे, नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. त्याच खेपेत पुण्याच्या रिंगरोडच्या संपादनात तुमचा जमिनीचा गट येतो का तेही बघून घ्या, तो भोर तालुक्यातूनही जातो.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही लिहिलीच नाहीत. जागेपर्यंत वाट कुठून आहे?

चिंचपेटी

आठ अ काका, बरोबर नस पकडलीत. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे दोन शेतकऱ्यांच्या बांधावरून बैलगाडीएवढी वाट आहे. वर्षानुवर्षं वापरात आहे, आमची गाडीही जाते. खरेदीखतात 'वहिवाटीच्या रस्त्याच्या हक्कासह' असं मोघम लिहिलंय.

आठ अ

मोघमच. खरेदीखत तुमच्यात आणि विकणाऱ्यात झालं. ज्यांच्या बांधावरून जाता त्या दोघांची त्यावर सही नाही. गावनकाशा काढा. दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. काहीच नसेल तर वाट शेजाऱ्यांच्या मर्जीवर आहे असं समजा.

संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात, पण ती शेतीच्या वहिवाटीसाठी आणि शेजाऱ्याचं नुकसान कमीत कमी होईल अशी. विटांचे ट्रक नेण्यासाठी ती नसते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, पण ते असलेली वाट कुणी अडवली तर, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेलात तर. शिवाय गावात घर बांधायच्या आधीच तहसीलात शेजाऱ्याविरुद्ध अर्ज म्हणजे पुढची वीस वर्षं तोंड फिरवून राहायचं.

त्यापेक्षा दोघांशी बसा. रुंदी, लांबी, कुठून कुठे हे नकाशावर दाखवा, काय द्यायचं ते द्या, दस्त नोंदवा आणि फेरफार करून त्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घ्या. हे सगळं जोत्याची कुदळ पडायच्या आधी. भिंती उभ्या राहिल्या की तुमची गरज दिसते आणि वाटेचा भाव वाढतो.

तळमजला

मला नेहमी उलट बाजू घ्यावी लागते, माफ करा. साडेचारशे फूट दोघांना आज ठीक. दिवाळीत मुलं-नातवंडं आली की? पावसाळ्यात पडवीत झोपणार? आणि सत्तरीत हे सगळं झेपणार का? पंचावन्न-साठीत सगळ्यांनाच मातीची ओढ लागते. मग गुडघे बोलायला लागतात आणि जागा विकायला काढली जाते. विकताना मोठ्या घराला गिऱ्हाईक मिळतं, खोलीवजा घराला नाही. एवढी जमीन घेऊन खर्चाला कचरणं मला पटत नाही.

गुळपोळी

तळमजला, मुळशीकडे आमच्या सासऱ्यांच्या भावाचा अठराशे फुटांचा बंगला आहे. चार बेडरूम. वरच्या दोन खोल्या वर्षातून एकदा उघडतात, त्याही वाळवी बघायला. तिथे गेलं की पहिला दिवस जळमटं काढण्यात आणि टाक्या धुण्यात जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. पाहुणे येतात ते पार्टीला, राहायला नाही. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर उंदीर झाले आणि उंदरांमागे धामण आली. चिंचपेटी, तुझा हिशोब पक्का आहे. पाहुण्यांना सतरंज्या द्यायच्या.

तळमजला

धामण बिनविषारी असते, उंदीर मारते. मोठ्या घराचा तेवढा तरी फायदा :)

मुरूमपट्टा

स्थापत्यवाला आहे, बारामती-पुरंदर-भोर याच पट्ट्यात कामं करतो.

घर कुठे, यावर आधी बोलू. सगळ्यांना आंब्याशेजारी, सपाट, खालच्या अंगाला हवं असतं. ताई, तिथे काळी माती आहे. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगा मग भिंतीत दिसतात. पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. काळीचा थर पाच-सहा फूट निघाला तर लहान घराचा निम्मा पैसा जमिनीखाली जाईल. वरच्या मुरमाड अंगाला बांधा, तिथे दोन-तीन फुटांत कठीण लागेल. पिकाची जमीनही वाया जात नाही, पाणी साचत नाही, आणि शोषखड्डा मुरमात चालतो, काळीत तुंबतो. आंब्याखाली खाट टाका. मुळांजवळ खणलंत तर झाड बसेल.

छप्पर. मंगळुरी कौलं दिसायला सुंदर, पण तुमच्या भागात वानरं आहेत. एक टोळी छपरावरून पळाली की पाच-पंचवीस कौलं सरकतात, आणि ते तुम्हाला जुलैत गादीवर थेंब पडल्यावर कळतं. साधा पत्रा स्वस्त, पण एप्रिलमध्ये भट्टी आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. एवढ्या लहान घराला मी आत स्लॅब घालतो, उताराचा, आणि बाहेर पडवीला पत्रा किंवा कौलं. स्लॅबवर पुढे सौर पॅनलही बसतात.

कुंपणाचं गणित बरेच जण करत नाहीत. ४,२०० चौरस मीटरचा चौकोनी तुकडा असेल तर घेर २५९ मीटर. तेवढंच क्षेत्र ३० बाय १४० च्या पट्टीत असेल तर घेर ३४०. तीन मीटरला एक खांब धरा: पहिल्यात ८६-८७, दुसऱ्यात ११३-११४. तुमचा तुकडा कसा आहे?

चिंचपेटी

पट्टीच आहे हो, डोंगराकडून ओढ्याकडे उतरणारी :( शिवाय मधे दोन ताली (माती अडवणारे दगडी बांध) आहेत, त्यातली एक फुटलेली.

सागरतीर

आमच्या सिंधुदुर्गात हेच घर जांभ्याच्या चिऱ्यात, गिलावा न करता झालं असतं. घाटावर चिरा वाहून न्यायच्या मोहात पडू नका. वाहतुकीचाच खर्च इतका होईल की तुमच्याकडचा काळा दगड परवडेल. जोतं तरी दगडी घ्याच, शोभतं.

बांधावरून

मी त्याच तालुक्यातला, वडिलोपार्जित शेती आहे. गाव सांगत नाही. ताई, राग मानू नका, पण शहरातून आलेल्यांची पद्धत आम्ही बघत आलोय. आधी चारी बाजूंनी तार. मग लोखंडी गेट. मग पाटी, 'खाजगी मालमत्ता'. मग सहा महिने कुणी फिरकत नाही. आत छातीएवढं गवत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या डोंगरात भाताच्या राबासाठी कुणीतरी भाजणी करतो, वारं सुटतं, आणि ते वाळकं गवत पेटतं. शेजाऱ्याचा आंबा जातो, वैरणीची गंज जाते. शेजारी ओरडायला कुणाकडं जाणार? गेटला कुलूप.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की कुंपण शेवटी. पहिल्या वर्षी फुटलेली ताल बांधून घ्या. दगड तिथंच पडलेले असतील. ताल फुटली की दर पावसाळ्यात माती ओढ्याला जाते, आणि ती तुम्हाला विकत आणून मिळायची नाही. वरनं येणारा ओघळ कुठून उतरतो ते जुलैत छत्री घेऊन उभं राहून बघा. तो बुजवून घर किंवा भिंत घातली तर पाणी शेजाऱ्याच्या भातात जाईल, मग भांडण ठरलेलं. कडेनं दसऱ्यानंतर दहा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवा, वणवा आत येत नाही.

आणि जमीन पडीक टाकू नका. खालच्या काळीत पावसाळ्यात घेवडा, पुढं ओलीवर हरभरा नाहीतर ज्वारी निघेल. स्वतः जमत नसेल तर शेजाऱ्याला अर्धलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यानं द्या. तोच तुमचा राखणदार होतो, पगार न घेता.

राहिलं खताचं. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्याकडून घाट उतरून कोकणात जातात. रात्रभर रानात मेंढ्या बसवल्या की लेंडी-मूत जागच्या जागी पडतं. बदल्यात धान्य नाहीतर पैसे द्यायचे. तारेचं कुंपण असलेल्या रानात मेंढ्यांचा वाडा बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

चिंचपेटी

बांधावरून दादा, राग कसला, ही पोस्ट छापून दिरांना देणार आहे. ओघळ मी बघितलाच नव्हता, जागा घेतली तेव्हा उन्हाळा होता. अर्धलीबद्दल मात्र भीती घालतात सगळे, 'कूळ लागेल' म्हणून.

आठ अ

त्या भीतीपायी अर्धा तालुका पडीक आहे. भीती अगदीच खोटी नाही. म्हणून नोंदी स्वतःच्या हातात ठेवा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर खातेदार स्वतः करतो. दर हंगामात रानात उभं राहून फोटोसह पीक तुम्ही नोंदवा, ते काम शेजाऱ्यावर सोडू नका. नमुना १२ ला तुमचीच पीक पाहणी दिसली पाहिजे. आणि एका हंगामापुरता साधा लेखी कागद करा, काय पेरलं, कुणी बी दिलं, वाटा किती.

पागोळी

पाण्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून.

पडवी धरून तुमचं छप्पर सातशे चौरस फुटांच्या आसपास जाईल, म्हणजे ६५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की ६५ लिटर. भोर तालुक्यात पश्चिमेला हिरडस मावळात पाऊस धो धो, महामार्गाच्या अंगाला बराच कमी, म्हणून हात आखडून ८०० मिलिमीटर धरू. ५२,००० लिटर. गळती, पहिल्या सरींचं धुऊन सोडायचं पाणी असा पाचवा हिस्सा वजा केला तर ४१,६००. आता दोन माणसं, माणशी रोज शंभर लिटर, आठवड्याचे चार दिवस, बावन्न आठवडे: ४१,६००. जुळून आलं, मीही दोनदा गुणलं!

अर्थात पाऊस चार महिन्यांत पडतो आणि तुम्ही पाणी बारा महिने वापरता. सगळं साठवायला प्रचंड टाकी लागेल, ते करू नका. पिण्या-स्वयंपाकाला दोघांना रोजचे वीस लिटर पुरतात. जोत्यालगत दहा हजार लिटरची झाकलेली टाकी बांधा, सूर्यप्रकाश आत न जाणारी. आंघोळ-कपडे-झाडांना बोअर.

बोअर एप्रिल-मेमध्ये घ्या. पावसाळ्यात लागलेलं पाणी वरचं असतं, उन्हाळ्यात आटतं, आणि पैसे देऊन झालेले असतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मऊ मांजऱ्या खडकाच्या थरात असतं. अखंड पाषाण लागला तर नुसती पांढरी धूळ उडत राहते आणि मशीनवाला 'अजून पन्नास फूट जाऊ' म्हणत राहतो, कारण तो फुटावर पैसे घेतो. थांबायचं कुठे हे आधी ठरवून जा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे १९७ फुटांच्या खालची विहीर 'खोल विहीर' धरली आहे, तिथेच रेघ मारा. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत असाल तर परवानगीशिवाय हात घालू नका. हातावर नारळ उभा करणारा पाणाड्या आणायचा असेल तर आणा, पण आजूबाजूच्या चार विहिरींची मे महिन्यातली पातळी विचारा, ती जास्त खरं सांगते.

मुरूमपट्टा

+१. आणि शोषखड्डा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब, उताराच्या खालच्या बाजूला.

फ्यूजतार

वीज. शेजारच्या शेतापर्यंत आलेले खांब बघून हुरळून जाऊ नका. ती लाइन कोणत्या फिडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर) आहे ते लाइनमनला विचारा. शेतीपंपाच्या फिडरवर असेल तर थ्री फेज पुरवठा पाळीने, ठरावीक तासच येतो. घरासाठी गावठाण फिडरवरून सिंगल फेज हवी. ते अंतर मोजा, खांबांचा खर्च त्यावर ठरतो. अंतर फार निघालं तर तुमच्या लहान घराला सौर पॅनल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यात भागेल: चार दिवे, दोन पंखे, फ्रिज लहान. गीझर आणि एसी विसरा. हेच दुमजली बंगल्याला जमलं नसतं, तेव्हा तुमचा इथेही पैसा वाचला.

नवशिक्या८

मध्येच घुसतो. आम्हाला दहा गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट दाखवला आहे, कमान, सिक्युरिटी केबिन, आतले रस्ते सगळं तयार. 'सातबारा मिळेल' म्हणतात. घ्यावा का?

आठ अ

सातबारा मिळेल, पण कसला? बहुतेक वेळा एका मोठ्या गटात वीस-पंचवीस नावांसोबत सामाईक. तुमचा तुकडा कोणता हे फक्त विकणाऱ्याच्या रंगीत नकाशात असतं. २०२३ पासून बहुतांश जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते) बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे, म्हणून हा दहाचा आकडा लोकप्रिय. पण खरेदी होणं वेगळं आणि घर बांधता येणं वेगळं. शेतघराला ०.४ हेक्टर लागतं हे वर लिहिलंच आहे. दहा गुंठ्यांवर घर हवं तर जमीन बिगरशेती हवी आणि रेखांकन मंजूर हवं. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत असेल तर संहितेच्या ४२-ड खाली मार्ग सोपा होतो, तेही झोन बघून. मंजूर रेखांकनाचा कागद मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, ते आधीच बघा.

नवशिक्या८

'प्रोसेसमध्ये आहे' हेच उत्तर आलं होतं.

तळमजला

रात्रीचं काय? दोघंच, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही. साप, चोर, छातीत दुखलं तर?

गुळपोळी

घोणस-मण्यार सगळं आहे तिकडे. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, रात्री डॉक्टर असतात का, हे आधी जाऊन विचारून यायचं. पडवीला पायरी, उंबऱ्याला फट नको, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय नाही, लाकूडफाटा भिंतीला लावून रचायचा नाही. १०८ ला आपलं ठिकाण सांगता येईल असा शेजारी गावात हवा, कारण पिनकोडने कुणी तिथे पोचत नाही. चोर म्हणशील तर साडेचारशे फुटांच्या घरात नेण्यासारखं असतं काय, मिक्सर?

चिंचपेटी

ताजी खबर देते. गावनकाशा काढला, वाट दिसत नाही. काका, तुम्ही म्हणालात तेच. दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. पहिल्यांनी चहा दिला आणि 'जा की, कोण अडवतंय' म्हणाले. दस्त म्हटल्यावर जरा गप्प झाले, मुलाशी बोलून सांगतो म्हणाले. दुसऱ्यांनी सरळ व्यवहार मांडला: पैसे नकोत, त्यांना ओढ्यातून वरच्या शेताला पाइपलाइन न्यायची आहे, ती आमच्या बांधावरून जाऊ द्यायची. मला तर आवडलं. मोजणीचा अर्जही केला. घराचा नकाशा नवा काढून घेतला, वरच्या मुरमाच्या अंगाला, साडेचारशे आत, अडीचशे पडवी. आर्किटेक्टचा तलाव गेला. दीर अजून बोलत नाहीत.

कुंपण पुढच्या वर्षावर टाकलंय. या वर्षी ताल, बोअर आणि वाटेचा दस्त.

आठ अ

उत्तम सौदा. पण दोन्ही हक्क एकाच दस्तात घ्या, त्यांची पाइप तुमच्या बांधातून आणि तुमची वाट त्यांच्या बांधावरून, म्हणजे पुढे एक मोडला तर दुसराही अडतो, हे दोघांनाही कळेल. दोन्ही सातबाऱ्यांवर नोंद. पहिल्या शेजाऱ्याकडे मुलगा घरी असेल त्या दिवशी जा. मोजणीच्या दिवशी सगळे लगतदार हजर राहतील असं बघा, नोटीस जाते पण तुम्हीही फोन करा. खुणांचे दगड त्यांच्यासमोर रोवा, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आल्याशिवाय एकही खांब उभा करू नका.

मुरूमपट्टा

पडवीचं जोतं घराच्या जोत्यापेक्षा एक पायरी खाली घ्या, पूर्वेची झड आत येत नाही. नकाशा इथे टाकलात तर बीम बघून देतो.

बांधावरून

पाइप तीन फूट खोल घ्यायला सांगा, वर घेतली तर नांगराला लागते आणि फुटली की तुमचंच रान भिजतं. ताल बांधायला गावातला गडी घ्या, बाहेरचा सिमेंट मागतो. मेंढ्या बसवायच्या असतील तर दसऱ्याच्या आत कळवा, मी बोलून ठेवतो. नंतर वाडे पुढं निघून जातात.